जहाजभर कमी

चंद्रप्रकाश घाडी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते कणीक मळताना. विद्याधर बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "रविवारी आणखी एक जण येणार आहेत हं. घाडी म्हणून. भांडुपला राहतात."

"कोण घाडी? ओळख कुठली?"

"आहेत एक."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने मला 'आहेत एक' असं उत्तर कधी दिलेलं नाही. दूधवाला बदलला तरी त्याच्या गावापर्यंतची माहिती मला मिळते. मी कणकेचा हात तसाच धरून दारात आले, तर हे टेबलाशी बसून एका इवल्याशा गलबताचं शीड बोटांनी चाचपत चिकटवत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला तेव्हाच शंका आली.

शंका येणं हा माझा स्वभाव आहे, तो मी नाकारत नाही. मी शाळेत गणित शिकवलं आणि प्रत्येक परीक्षेला पर्यवेक्षण केलं. कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे हे मला वर्गात शिरल्याशिरल्या कळायचं. मुलं मला घाबरायची आणि ते मला आवडायचंही. निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही.

आता रविवारचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या पार्ल्याच्या घरात दर रविवारी दुपारी आरमारी लढाई असते. जेवणाच्या टेबलावर प्लायवूडची मोठी फळी, तिच्यावर निळं कापड, कापडावर बेटं म्हणून चार दगड आणि मग जहाजं. विद्याधरांनी सगळी नोकरी जहाजांच्या विम्याच्या ऑफिसात केली. स्वतः समुद्रावर गेले ते भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत, तेवढेच. पण निवृत्तीनंतर या माणसाने जुन्या मराठी आरमारातली करंगळीएवढी लढाऊ जहाजं, गुराबा आणि गलबतं, करायला घेतली. काड्यापेटीच्या काड्यांच्या डोलकाठ्या, जुन्या लग्नपत्रिकांची शिडं. खेळाचे नियमही स्वतःच लिहिले. खेळायला येतात धवल आणि श्रुतिका. धवलचं घाटकोपरला विजेच्या सामानाचं दुकान आहे, श्रुतिका अंधेरीला एका आर्किटेक्टकडे काम करते. दोघंही तिशीतली आणि काकांवर जीव टाकणारी. ती दोघं एका बाजूला, विद्याधर एकटे दुसऱ्या बाजूला.

खेळ सुरू होतो तेव्हा समुद्र मोकळा असतो. वारा कुठून आहे ते ठरतं, त्याप्रमाणे प्रत्येक जहाज काही बोटं पुढे जातं. तोफ लागली की नाही ते फासे ठरवतात. बोटांच्या खुणा केलेली एक बारीक बांबूची काठी आहे, ती ठेवायची आणि जहाज सरकवायचं. नियम एकच, जहाजाच्या नाकापासून मोजायचं आणि नाकच खुणेवर आणायचं. इथवर सगळं सोपं. पण चहाच्या वेळेपर्यंत दोन्ही आरमारं मधल्या बेटांपाशी येऊन एकमेकांत अडकतात, आणि मग संध्याकाळच्या भाजीबाजारात शिरावं तशी गत होते. काठी आत जात नाही. घातली तर डोलकाठ्या मोडतात. एकदा धवलच्या शर्टाच्या बाहीने एका फटक्यात तीन गलबतं आडवी झाली, तेव्हापासून आमच्याकडे शिस्त आहे. गर्दीत एका वेळी एकच हात. वाटेतलं जहाज उचलायचं असेल तर त्याच्या जागी शर्टाचं बटण ठेवायचं, मोजून झालं की बटण काढून जहाज परत तिथेच. आणि एवढी बटणं मांडत बसायचं नसेल तर बोटाबोटावर गाठ मारलेला दोरा डोलकाठ्यांच्या वर ताणून धरायचा आणि गाठ जिथे येईल तिथून खाली नजरेने जागा धरायची.

नजरेने. घोडं तिथेच अडलं होतं.

विद्याधरांच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं ते हे, की श्रावणात डॉक्टरांनी मला एकटीला आत बसवून सांगितलं, उजव्या डोळ्यातही तेच सुरू झालं आहे. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. बाहेर आल्यावर विद्याधरांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "उजवा ठीक आहे म्हणाले. त्या इंजेक्शनांनी तसाच राहील." आणि त्यांच्या हाताला धरून रिक्षात बसवलं.

मी हे विचार करून केलं. माणूस आनंदात होता. सकाळी उठून गलबतं करत होता, रविवारची वाट बघत होता. त्याला कशाला आधीपासून अंधारात ढकलायचं?

आणि टेबलावर काय व्हायचं तेही सांगते. दोरा ताणला की त्यांना गाठ दिसायची नाही, कारण ते गाठीकडेच बघायचे. मग कडेने जेवढं दिसतं त्यावर ते जहाज ठेवायचे, आणि नाकाच्या जागी जहाजाची शेपटी यायची. म्हणजे दर चालीला जहाजभर अंतर फुकटात. गर्दीच्या लढाईत जहाजभर अंतर म्हणजे सगळंच. शत्रूच्या तोफांसमोर अडकायचं ते त्यांचं जहाज पार पलीकडे, वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. धवलला दिसायचं, श्रुतिकाला दिसायचं. पहिल्यांदा श्रुतिका काही बोलायला गेली, तेव्हा तिची आणि माझी नजरानजर झाली. नंतर ती स्वयंपाकघरात आली, "काकू, काकांना नीट..." मी म्हटलं, "चालू दे गं." तेवढ्यावर ठरून गेलं. तेव्हापासून विद्याधर हरले नाहीत. दर रविवारी जिंकायचे आणि रात्री दोन घास जास्त जेवायचे.

तर अशा या घरात घाडी आले.

दसरा नुकताच झाला होता. दार उघडलं तर सडसडीत, साठी उलटलेला माणूस, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. चपला काढल्या त्या अगदी भिंतीला समांतर ठेवल्या. "नमस्कार वहिनी," एवढं म्हणाले आणि सरळ टेबलाकडे गेले. विद्याधरांनी खेळायचा आग्रह केला तर म्हणाले, "आज नुसता बघतो." आणि बघितलं म्हणजे कसं? गुडघ्यावर बसले, हनुवटी टेबलाच्या कडेला आणली, एक डोळा मिटला आणि जहाजांच्या उंचीवरून पलीकडे बघत राहिले. संपूर्ण दुपार. चहा गार झाला. मी केलेली शंकरपाळी त्यांनी एक तोंडात टाकली आणि चांगली झालीत म्हणायचंही राहून गेलं.

मला पहिला संशय आला तो बिल्डरचा. आमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं घोंगडं भिजत पडलेलं आहे, आणि पार्ल्यात हल्ली कुणी अनोळखी माणूस घरात येऊन कोपऱ्याकोपऱ्याकडे बघायला लागला की बायका कारपेट एरियाचे कागद कपाटात आत सरकवतात. त्यात जाताना घाडींनी टेबलापासून खिडकीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. मी विचारलं, "काय मोजताय?" तर म्हणाले, "उजेड खयसून येता ता बघतंय." म्हणजे उजेड कुठून येतो ते.

दुसऱ्या दिवशी मी नलिनीला बोलावलं. नलिनी माझ्या साड्यांना फॉल लावते, भांडुपलाच राहते, आणि भांडुपमधलं तिला माहीत नाही असं काही नाही. घाडी नाव काढताच तिने हातातली सुईच खाली ठेवली.

"घाडी पंच? अहो वहिनी, कबड्डीचे पंच ते! आमच्याकडे लहान मुलालाही माहीत."

मग तिने सांगितलं ते असं. घाडींचे वडील कणकवलीकडचे, गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या आणि कुटुंब भांडुपच्या डोंगराला आलं. घाडी स्वतः साकीनाक्याला पॅकिंगची खोकी करायच्या कारखान्यात कामाला, पण खरं आयुष्य मैदानावर. तरुणपणी खेळायचे, मग खांदा गेला आणि पंच झाले. मंडळांच्या स्पर्धांत, चाळींमधल्या मैदानांत, पावडरच्या पांढऱ्या रेषांवर वाकून उभे. पाय रेषेला लागला की लागला. दादा लोकांच्या पोरांनाही त्यांनी बाद दिलं आहे, एकदा दगड खाल्ला आहे, कपाळावर खूण आहे ती त्याचीच. आणि एका फायनलमध्ये शेवटच्या चढाईला सख्ख्या भाच्याला बाद दिला. त्याचा पाय रेषेबाहेर गेलेला कुणालाच दिसला नव्हता. मंडळ हरलं. बहिणीने पुढे भाऊबीजेला बोलावणंच बंद केलं.

"जिंकलेल्या टीमच्या जेवणाला पण जात नाहीत," नलिनी म्हणाली. "आणि बोलवत पण नाय कोणी."

मला कळलं ते इतकंच, की हा माणूस बिल्डरचा नाही. पण त्याने माझी भीती आणखीच वाढली. ज्याने भाच्याला सोडलं नाही, तो माझ्या नवऱ्याचं जहाजभर अंतर सोडणार होता थोडाच! पण असा माणूस आमच्या घरात आणला कुणी? बघायलाच पाठवला असणार. आणि पाठवणारा कोण, ते मला बसल्या जागी उमगलं. आमचा मुलगा सुयोग. तो बंगळुरूला असतो आणि वर्षभर त्याचं एकच चाललं आहे, आता तुम्ही दोघं एकटे राहू नका, इकडे या. बाबांची तब्येत खरंच कशी आहे ते आई सांगत नाही, म्हणून याने परस्पर माणूस नेमला.

मी तडक फोन लावला.

"सुयोग, हे शोभतं का तुला? हेर पाठवतोस आमच्याकडे?"

"कसला हेर? आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"तो घाडी. बाबांचे डोळे किती गेलेत ते बघायला पाठवलास ना?"

सुयोग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, बाबांचे डोळे कुठे गेलेत? तू तर म्हणाली होतीस नंबर वाढलाय."

वाट लागली. मी 'नंतर बोलते' म्हणून फोन ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या पकडल्या आणि माझी चिठ्ठी मीच बाहीतून काढून त्याच्या हातात दिली. राग अर्थात घाडींवर काढला. हा माणूस आला नसता तर हे झालं नसतं.

पुढचे रविवार मी टेबलापासून हलले नाही. घाडी बघत होते आणि मी घाडींकडे बघत होते. विद्याधर दोरा ताणायचे, जहाज ठेवायचे, आणि दर वेळी घाडींची मान जराशी हलायची. बोलायचे काही नाहीत. हे न बोलणंच मला भीतीदायक वाटायला लागलं. परीक्षेच्या वर्गात जो मुलगा वर बघत नाही त्याच्याकडे मी आधी जायचे.

एकदा ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. भांडं धुऊन जागेवर उपडं ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, साहेबांना दुसऱ्या डोळ्याने नीट दिसतं ना?"

"अगदी व्यवस्थित," मी म्हटलं. "तुम्हाला काय करायचंय?"

"नाय, विचारलं," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

झालं. मी धवलला फोन केला, म्हटलं, याला घालवायला हवा. धवल म्हणाला, "काकू, काय टेन्शन घेता, तुम्हीच सांगा ना त्यांना, या रविवारी खेळ नाही म्हणून. दोनतीनदा असं झालं की समजून जातील." मला पटलं. रविवारी सकाळी विद्याधर खाली कोथिंबीर आणायला गेले, तेव्हा मी त्यांच्या डायरीतून नंबर घेऊन घाडींना फोन लावला. आवाज शक्य तेवढा गोड केला.

"घाडी, आज खेळ नाहीये हं. यांना जरा बरं नाही."

"असं होय," घाडी म्हणाले. "पण वहिनी, आत्ताच साहेबांचा फोन होता. बाजारातून करतोय म्हणाले. आज पंच तुम्ही, जरा लवकर या, असं म्हणाले."

मी फोन ठेवून दिला. विद्याधर कोथिंबीर घेऊन आले आणि जुडी माझ्या हातात देताना एक अक्षर बोलले नाहीत. म्हणजे हेही माझ्या मागे काहीतरी करत होते तर. आमच्या घरात, माझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या मध्ये, हा पांढऱ्या शर्टातला माणूस येऊन उभा होता आणि का ते मला कळत नव्हतं.

त्या दुपारी लढाई नेहमीपेक्षा लवकर दाटली. विद्याधरांची थोरली गुराब, त्यांचं मुख्य जहाज, दोन बेटांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरली. दोन्ही बाजूंना धवलची जहाजं तोफा रोखून उभी. मागे श्रुतिकाची गलबतं, पुढे त्यांचीच स्वतःची दोन. सुई पडायला जागा नाही. एका चालीत गुराब पलीकडच्या मोकळ्या पाण्यात निघाली तर ती सुटणार आणि उलट धवलच्याच मागे लागणार. नाही निघाली तर मधोमध अडकणार, दोन्हीकडून तोफा खाणार आणि खेळ तिथेच संपणार. मी वडे तळायचे सोडून दारात आले.

विद्याधरांनी दोरा ताणला. त्यांचे हात आजही स्थिर आहेत, तेवढं मला मान्य करायला हवं. सावकाश त्यांनी गुराब उचलली, तिच्या जागी बटण ठेवलं, मग ती डोलकाठ्यांच्या वरून नेली आणि अलगद खाली ठेवली. मोकळ्या पाण्यात. पार पलीकडे.

धवल म्हणाला, "झकास काका, सुटली!" आणि फासे गोळा करायला लागला.

"थांबा," विद्याधर म्हणाले. "पंच?"

घाडी उठले. आधी त्यांनी बाहीची बटणं काढली आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. गुराब जिथून निघाली होती तिथे विद्याधरांनी ठेवलेलं बटण होतंच. घाडींनी मधली दोन गलबतं एकेक करून उचलली, त्यांच्या जागी बटणं ठेवली. मोकळ्या झालेल्या वाटेत काठी घातली. कुठल्याही डोलकाठीला धक्का लागला नाही. मग ते खाली बसले, एक डोळा मिटला, आणि मला वाटलं आता हा माणूस माझ्याकडे बघेल. मी मान हलवली, नाही, नाही. हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"पोचूक नाय," ते म्हणाले.

धवल हसत म्हणाला, "जाऊ द्या ना काका, थोडं इकडे तिकडे चालतं यार, खेळच आहे."

घाडी ताडकन उठले. "चालता तर मग मोजतास कित्याक?"

"धवल, तू गप्प," विद्याधर म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका शांत कधी ऐकला नव्हता. "किती कमी आहे, घाडी?"

"जहाजभर."

"आजच?"

"दर चालीला, साहेब. मी पहिल्या दिवशी इलंय तेव्हापासून. तुम्ही शेपटी ठेवतास नाकाच्या जागेर."

विद्याधरांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. धवलच्या दिशेने तोंड केलं, मग श्रुतिकाच्या. "तुम्हाला दिसत होतं?"

श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मला शंका होतीच," ते म्हणाले. "मी इतका चांगला खेळाडू कधीच नव्हतो. विम्याच्या ऑफिसात कॅरम खेळायचो तर शिपायाकडूनही हरायचो. आणि म्हातारपणी एकदम सगळ्या लढाया जिंकायला लागलो? मला वाटायचं मी खेळतोय. तुम्ही माझ्याशी खेळतच नव्हता. तुम्ही मला सांभाळत होता."

मग त्यांनी घाडींना गुराब खरी जिथे यायला हवी तिथे ठेवायला सांगितली. घाडींनी ती मधोमध, दोन्ही तोफांच्या तोंडाशी आणून ठेवली.

"मार," विद्याधर धवलला म्हणाले.

"काका..."

"मार म्हणतो ना!"

धवलने फासे टाकले. दान चांगलं पडलं. गुराब बुडाली. खेळ संपला. विद्याधर हरले, आणि मी बघत होते, त्यांनी खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "आता वडे आणा. पुढच्या रविवारी बघतो तुमच्याकडे. माझी जहाजं घाडी हलवतील, मी तोंडाने सांगेन. डोकं अजून शाबूत आहे."

मला मात्र तिथे थांबवेना. घाडी निघाले तशी मी त्यांच्या मागे जिन्यात गेले आणि दार ओढून घेतलं.

"समाधान झालं? दोन पोरांसमोर म्हाताऱ्या माणसाला खाली पाडलंत."

घाडी चप्पल घालायचे थांबले. "वहिनी, मला त्यांनीच बोलावलं."

"ते कळलं मला. पण का? तुम्ही त्यांना भेटलात कुठे?"

"डोळ्यांच्या हॉस्पिटलात. श्रावणात. माझ्या मोतीबिंदूचं काम होतं. तुम्ही डॉक्टरकडे आत होतात. साहेब माझ्या बाजूच्या बाकावर होते. बोलता बोलता मी पंच आहे म्हटलं, तर म्हणाले, बघा घाडी, माझी बायको आत एकटीच बसलीय. मला काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवतायत. घरी खेळतो तिथे पण असंच चाललंय. मला एक असा माणूस हवा, जो मला सोडणार नाही."

मी कठड्याला हात लावला.

घाडींनी बाह्या खाली केल्या आणि बटणं लावायला लागले. "माझी बायको, जानकी. आजारी होती. मला विचारायची, खरं सांगा, किती दिवस? माका म्हायत होता. आयुष्यात सगळ्यांना खरं सांगितलं, तिला नाही सांगितलं. तिला जत्रेला माहेरी जायचं होतं. मी म्हटलं, बरी झालीस की जा. राहिलं ते." शेवटचं बटण त्यांना लागेना. मग तसंच सोडून ते म्हणाले, "येतंय वहिनी. पुढच्या रविवारी नको असेन तर सांगा. पण फोनवर खोटा सांगू नकात."

ते खाली गेले. मी जिन्यातच उभी राहिले. राग अजून होता, पण आता तो कुणावर धरायचा तेच समजेना.

आत आले तर धवल आणि श्रुतिका गेली होती, स्वयंपाकघरामागच्या जिन्याने. विद्याधर टेबलाशीच बसले होते. दिवेलागणीची वेळ, पण मी दिवा लावला नाही. त्यांनी माझ्या पावलांवरून ओळखलं.

"वसुधा, बस. उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर खरं काय म्हणाले?"

"सुरू झालंय," मी म्हटलं. "डाव्यासारखंच. गेलेलं परत येत नाही म्हणाले. इंजेक्शनांनी वेळ मिळेल. किती, ते त्यांनाही सांगता येत नाही."

ते म्हणाले, "म्हणजे गणपतीत तुला माहीत होतं."

"हो."

"मूर्ती आणली तेव्हा मी म्हटलं, यंदा रंग फिका दिलाय. तू म्हणालीस, हो, फिकाच आहे."

"हो."

"रंग फिका नव्हता."

"नाही," मी म्हटलं. "लालभडक होता."

"दीड दिवस पूजा केली मी. आता सांग, कशी होती. पहिल्यापासून सांग."

मग मी सांगितलं. अंग शेंदरी लाल, पितांबर पिवळंधमक, त्याला जांभळा काठ. मुकुट सोनेरी, पण मागच्या बाजूला रंगवायचा राहिलेला. सोंड डावीकडे, तिच्यावर हिरव्या ठिपक्यांची वेल. उंदीर अगदी लहान, मोदक त्याच्याहून मोठा. डाव्या कानाला बारीक चीर गेली होती, ती मी हार घालून झाकली होती, तेही सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "आणि डोळे?"

तिथे मला रडू फुटलं. रडत रडतच मी सांगितलं, डोळे फार सुरेख काढले होते, आरतीच्या वेळी सरळ तुमच्याकडे बघत होते.